फदांग धुणारी

एन्ग्रासियाचे हात तिच्या बाकीच्या अंगाचे वाटायचे नाहीत. अंग वाळल्या सुपारीच्या रंगाचं, आणि मनगटाखाली कातडी फिकट, सुरकुतलेली, नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी. आमच्या बेटावरच्या हुमातक गावात तिचा विषय निघाला की लोक नाव घेण्याआधी हवेतच हात खळबळल्यासारखे करायचे. ती फदांग धुणारी.

फदांगचं झाड डोंगराच्या अंगाला वाढतं, बुटकं, माडाची नक्कल करणारं. वादळ येतं तेव्हा केळी जातात, नीरफणस जातो, छपरं जातात. फदांग जागचं हलत नाही. त्याच्या बीत पीठ असतं आणि पिठात विष असतं. बी फोडायची, चकत्या करायच्या, पाण्यात घालायच्या, पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, पुन्हा ओतायचं. पहिलं पाणी कोंबडी प्यायली तर संध्याकाळी पाय वर करून पडलेली असते. शेवटचं पाणी माणसाने प्यायलं तरी चालतं. या दोन पाण्यांच्या मधे सगळं कसब. मग चकत्या वाळवायच्या, दळायच्या आणि तव्यावर भाकरी. बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो, ती भाकरी लागायचीच, आणि तिचं पीठ एन्ग्रासियाच्या घरामागच्या ओढ्यावरून यायचं. आधी तिची आई धुवायची. आई गेल्यावर हे काम तिच्याकडे आलं; तिला हवं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

आमच्या गावाची दोन दुखणी होती. लिटिको आणि बोदिग. लिटिकोत हातपाय वाळतात, मग जीभ वाळते, आणि डोकं मात्र शाबूत राहून सगळं बघत बसतं. बोदिगमध्ये अंगाचं लाकूड होतं आणि आतला दिवा कुणीतरी हळूहळू खाली करत नेतो. आम्ही लहान होतो तेव्हा कुणाच्या घरी आहे का, असं विचारत नसू; कुठलं आहे, एवढंच विचारत असू.

एन्ग्रासियाच्या नवऱ्याला लिटिको झालं. सिल्व्हेस्त्रे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं फेकायचा, आणि ते पाण्यावर पडताना पूर्ण गोल पडायचं. ते बघायला लोक पुलावर थांबायचे. एके वर्षी ते गोल पडेना. पुढच्या वर्षी त्याला चमचा उचलेना. शेवटी तो डोळ्यांनीच बोलायचा, आणि त्या डोळ्यांत फार बोलणं होतं. तो गेला तेव्हा एन्ग्रासिया रडली नाही. मयताला आलेल्यांसाठी तिने भाकऱ्या थापल्या आणि सगळ्यांनी खाल्ल्या.

डॉक्टर लोक युद्धानंतर येऊ लागले ते येतच राहिले. मी मोठा झाल्यावर त्यांचा दुभाष्या झालो; गाव मला किन म्हणतं. आमच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी कळत नव्हतं असं नाही, पण आपल्या दुखण्याबद्दल त्या भाषेत बोलायची कुणाची तयारी नव्हती. प्रत्येक नव्या डॉक्टराचं कारण नवं. एकाने आमचं रक्त नेलं, म्हणाला दोष रक्तात आहे. दुसऱ्याने ओढ्याचं पाणी आणि तांबडी माती बाटल्यांत भरली. तिसरा वटवाघळांच्या मागे होता, कारण वटवाघळं फदांग खातात आणि आम्ही नारळाच्या दुधात शिजवलेली वटवाघळं खातो. ज्याला जे बाटलीत भरून नेता येई, त्याला त्यात कारण सापडे.

"बाहेरून येणारं असं आपल्याकडे एकच आहे," एन्ग्रासिया मला म्हणायची, "हे डॉक्टर. त्यांनाच एकदा उकळून बघा म्हणावं, किन."

पण या सगळ्यांत फदांगचं नाव पुन्हा पुन्हा यायचं. रेडिओवर आलं. मग शाळेत आलं. मग पाद्र्यांनी प्रवचनात नाव न घेता सांगितलं की जुन्या चवी सोडायला हव्यात. पीठ कुणी मागेना. ते एन्ग्रासियाला चाललं असतं. पाठ दुखायची, वय झालं होतं. जे चाललं नाही ते दुसरंच.

आमच्यात लहानाने मोठ्याला भेटलं की वाकून त्याच्या हाताच्या पाठीला नाक टेकवायचं असतं. हुंगायचं. म्हाताऱ्याचं जे काही चांगलं असेल ते श्वासातून आपल्यात घ्यायचं, असा त्याचा अर्थ. एका रविवारी मिसा, चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर पायरीवर त्रिनिदादची नात, सहा-सात वर्षांची असेल, एन्ग्रासियासमोर वाकली. एन्ग्रासियाने हात पुढे केला होता. त्रिनिदादने पोरीला दंडाला धरून मागे ओढलं.

"चल चल, भात करपेल."

"तू भात लावलाच नाहीयेस, आजी."

"लावलाय. चल म्हटलं ना."

हात तसाच राहिला, हवेत. एन्ग्रासियाने तो खाली घेतला नाही. "त्रिनी," ती म्हणाली, "तुझ्या लग्नात माझी भाकरी संपली म्हणून तू बाहुलीसारखी सजलेली रुसून बसली होतीस. आठवतं?"

"तेव्हा कुठे ठाऊक होतं गं," त्रिनिदाद म्हणाली. वाईट हेतूने नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

पुढच्या रविवारी आणखी दोघींना घाई होती. मग कुणाला घाईचं कारणही लागेना. एन्ग्रासिया मिसेला दोन्ही हात काखेत धरून बसू लागली, थंडी वाजत असल्यासारखी, हुमातकच्या उन्हात.

नियेवेस तिची धाकटी बहीण, नऊ वर्षांनी लहान. नियेवेस मोठ्याने हसायची आणि मोठ्याने भांडायची. तिला आधी वास येईनासा झाला. खारवलेली मासळी चुलीवर जळत होती आणि ती शेजारी बसून गाणं म्हणत होती. मग तिचा चेहरा थांबला. हसू येत असलं तरी वर यायचं नाही. मग पावलं लहान झाली, मग दारात अडकू लागली, आणि एक दिवस ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती तिथलीच झाली. तिची मुलगी लोले शाळेच्या कँटीनमध्ये काम करायची. सकाळी लोले आणि दुपारी एन्ग्रासिया, अशी तिला बघायची पाळी लागली. एन्ग्रासिया स्वतःचं शेजारचं घर सोडून तिथेच राहायला आली; ओढा दोन्ही घरांमागून जायचा.

"तिहा, तिला एवढं गरम देऊ नकोस."

"मला शिकव आता. तुझ्या आईला मी भरवलंय, तू जन्मायच्या आधी."

"म्हणून म्हणते," लोले म्हणायची, आणि तेवढ्यावरच थांबायची. मावशीला ती तिहा म्हणायची, आम्ही सगळेच म्हणतो. पण तिच्या तोंडात तो शब्द कधी मऊ झाला नाही.

हॅलोरन नावाची डॉक्टरीण आली ती नियेवेसच्या आजारपणाच्या मधल्या वर्षांत. उंच, उन्हाने सोललेलं नाक, आमचं अन्न न विचारता खाणारी. बाकीचे प्रश्न विचारायचे, ही बसून राहायची. एकदा तिने माझ्याकरवी एन्ग्रासियाला विचारलं की जुन्या पद्धतीने थोडं पीठ करून देशील का. त्यात विष किती उरतं ते मोजायचं होतं.

एन्ग्रासियाने आधी आपली बोटं निरखली. मग म्हणाली, "मोजून मला सांगणार?"

"सांगेन."

"आकडा नको. विष उरतं की नाही, एवढं."

तेव्हा डोंगरावर फदांगलाच कीड लागली होती. झाडांवर पांढरा थर, पीठ उडाल्यासारखा, आणि पानं पिवळी. चांगल्या बिया मिळेनात. मी गाडीने तिला दोनतीन ओढ्यांपलीकडे नेलं. ओढ्याकाठी तिचं जुनं सिमेंटचं टाकं होतं, त्यात शेवाळ होतं, ते तिने वाळूने घासून काढलं. मग चकत्या आणि पाणी. ती पाण्यात हात घालून बसायची आणि बोटांनी चकत्या अशा उलटवायची की जणू कुणाचे केस विंचरते आहे. मला वाटतं त्या दिवसांत ती सुखी होती. पीठ झालं, डॉक्टरणीने नेलं, आणि बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: विष जवळजवळ नाही. जेवढं सापडलं तेवढ्याने उंदरालाही काही होणार नाही.

एन्ग्रासियाने ते माझ्याकडून तीनदा ऐकलं. रविवारी मिसेनंतर ती पायरीवर उभी राहिली आणि काखेतले हात तिने बाहेर काढले. त्रिनिदाद आणि चारपाच बायका सावलीत बसल्या होत्या.

"किन, सांग यांना."

मी सांगितलं. बायका ऐकत होत्या. कुणीतरी "देवाची कृपा" म्हणालं.

मग त्रिनिदाद म्हणाली, "अगं, डोक्यावर डॉक्टरीण उभी असली तर मीसुद्धा चांगलंच धुवेन की."

बायका हसल्या. दुष्टपणाने नाही. विनोद चांगला होता, मला पण हसू आलं असतं. एन्ग्रासियाने हात परत काखेत घातले आणि उतार उतरून घरी गेली, आणि त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस ती नियेवेसशीसुद्धा बोलली नाही.

पुढच्या खेपेला हॅलोरन आली तेव्हा एन्ग्रासियाने स्वतः खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली. नियेवेस खिडकीत होती. समोर खाडी, कडेला किल्ल्याचे पडके दगड.

"तिला विचार," एन्ग्रासिया मला म्हणाली, "हिच्या डोक्यात काय चाललंय. नीट सांग म्हणावं. मला वेडी समजून नको."

डॉक्टरणीने सांगितलं, मी आमच्या भाषेत आणलं. जेवढं आणता आलं तेवढं.

मेंदू लहान लहान पेशींचा असतो. प्रत्येक पेशीत सारखे धागे तयार होत असतात, प्रथिनांचे, आणि प्रत्येक धाग्याची घडी ठरलेली असते. घडी बरोबर पडली तर तो कामाचा. पण घडी चुकते. रोज चुकते, तुझ्यामाझ्यात, या पोराटोरांत. म्हणून पेशीत काही जण त्याच कामाला ठेवलेले असतात: चुकलेला धागा पकडायचा, उलगडायचा, पुन्हा घडी घालायची. जमलं नाही तर त्याच्यावर खूण करायची, हा वाया गेला. खूण केलेला धागा बारीक कुटून टाकणारं एक यंत्र असतं. आणि जो इतका गुंतलाय की यंत्राच्या तोंडात जातच नाही, त्याला पिशवीत घालून आंबट पाण्यात विरघळवतात.

"म्हणजे धुणं," एन्ग्रासिया म्हणाली.

मी ते डॉक्टरणीला सांगितलं. ती म्हणाली, हो, असं म्हणता येईल.

"मग हिच्यात कुणी धूत नाही?"

"धुतात. जन्मभर धुतलं. पण चुकलेले धागे जास्त झाले, आणि वय झालं की धुणारे थकतात. मग जे उरतं ते एकमेकांना चिकटतं. एक वाकडा धागा शेजारच्या सरळ धाग्याला वाकडं व्हायला शिकवतो. गुंता होतो. शेवटी पेशी मरते." पुढचं तिने नियेवेसकडे न बघता सांगितलं. "आणि पेशी मेली तरी गुंता तिथेच राहतो. घर पडलं, केर राहिला, असं काचेखाली दिसतं."

नियेवेसच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ उतरली होती. एन्ग्रासियाने कमरेला खोचलेल्या रुमालाने ती पुसली.

"आणि पहिला धागा कुणी वाकवला?"

"ते माहीत नाही. काहींना वाटतं फदांगने. काहींना नाही वाटत."

"समज, वाटतं. समज, एखाद्या पोरीने लहानपणी एकदाच, थोडेच दिवस, वाईट पीठ खाल्लं. मग पन्नास वर्षं काही नाही. नाचली, भांडली, पोर झाली. तरी ते त्या पिठाचंच?"

डॉक्टरणीने आधी खिडकीतल्या नियेवेसकडे पाहिलं, आणि ते एन्ग्रासियाने टिपलं. "होऊ शकतं," डॉक्टरीण म्हणाली. "पेशी फार वर्षं तोंड देतात. बाहेरून काही कळत नाही. पण नक्की सांगता येणार नाही."

मग एन्ग्रासियाने ते सांगितलं. खिडकीकडे तोंड करून, मला उद्देशून.

जपानी सैनिक होते ते शेवटचं वर्ष. आईला भाताच्या खाचरात राबायला नेलं होतं. एन्ग्रासिया पंधराची, नियेवेस सहाची, दोघी डोंगरातल्या झोपडीत. खायला फदांगच होतं. चकत्या पाण्यात घातलेल्या, पाणी अजून गढूळ यायचं, आणि हुकूम आला की सगळ्यांनी चालायला लागायचं, कुठे ते सांगणार नाही. मडकं उचलून नेता येईना. तिने चकत्या तशाच उपसल्या, तापल्या दगडावर वाळवल्या, दोन दगडांत रगडल्या आणि फडक्यात बांधल्या. वाटेत नियेवेस भुकेने ओरडायची आणि ओरडणाऱ्या पोरांच्या आयांना सैनिक मारायचे. एन्ग्रासिया तिच्या तोंडात ते पीठ कोंबायची. गप्प बसण्यासाठी. स्वतःही तेच खायची.

"अर्धं धुतलेलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं अर्धं धुतलेलं आहे. कोंबडीला घातलं नसतं."

मी ते सगळं इंग्रजीत केलं. खालच्या आवाजात, का कोण जाणे. नियेवेसला इंग्रजी कळायचं, आणि आमची भाषा तर कळायचीच.

डॉक्टरणीने एन्ग्रासियाच्या हातावर हात ठेवला. एन्ग्रासियाने तो काढून घेतला. "हिच्या डोक्यात बघून सांगता येईल? ती गेल्यावर?"

"काहीतरी सांगता येईल," डॉक्टरीण म्हणाली.

नियेवेस त्याच वर्षी गेली, पावसाळा संपता संपता. घास घशात अडकला, छातीत उतरला, ताप आला. लोलेने आईचे डोळे मिटले आणि आम्ही बाकीचे दारात उभे होतो. हॅलोरनला कळवायचं होतं. उशीर झाला तर मेंदू कामाचा राहत नाही. तिच्याकडचा कागद माझ्या खिशात होता, आणि सही मुलीचीच लागणार होती.

"नाही," लोले म्हणाली. "आई अख्खी जाईल."

"लोले," एन्ग्रासिया म्हणाली.

"तिहा, नाही. आधी रक्त नेलं, मग नखं नेली, केस नेले. दहा वर्षं तिला टोचलं आणि एक गोळी दिली नाही. आता डोकं? शवपेटीत काय ठेवू मी, टोपी?"

"मला हवंय."

"तुला?"

तेव्हा एन्ग्रासियाने तिलाही सांगितलं. दोनचार वाक्यांत. माझ्यापुढे सांगितलं तेव्हा आवाज हलला होता, आता हलला नाही.

लोले आईच्या पायाशी पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ ती आईच्या पायाचा अंगठा धरून होती.

"आई मला सांगायची त्या चालण्याबद्दल," ती म्हणाली. "म्हणायची, ग्रासियाने मला जगवलं. माझ्या तोंडात घास घालत होती आणि रडत होती. का रडत होतीस ते आईला कधी कळलं नाही. म्हणायची, भूक लागली असेल तिला." मग तिने माझ्याकडे हात केला. "दे तो कागद."

"लोले, मी..." एन्ग्रासिया म्हणाली.

"बोलू नकोस आता. तुला कळायला हवंय ना? घे. पण मला सांगू नकोस काय निघालं ते. कधीच."

नियेवेसला गावाने पुरलं तेव्हा कपाळावरून जाळीदार काळी ओढणी घट्ट बांधली होती. सगळ्यांना माहीत होतं. प्रार्थनेच्या नऊ संध्याकाळी लोलेने एन्ग्रासियाकडे पाहिलं नाही, आणि दहाव्या दिवशी तिला म्हणाली, "तुझी खोली तशीच आहे. कुठे जाऊ नकोस. लोक बोलतील."

उत्तर यायला वर्षाहून जास्त लागलं. हॅलोरन स्वतः आली, पण घरात लोले होती आणि तिला ऐकायचं नव्हतं, म्हणून आम्ही ओढ्याकाठी बसलो, कोरड्या टाक्याच्या काठावर. गुंते सापडले, ती म्हणाली. पुष्कळ. जिथे वास कळतो तिथे, जिथे आठवण राहते तिथे. धुणाऱ्यांनी खूण केलेली होती, म्हणजे त्यांना तो कचरा दिसला होता; उचलून नेता आला नाही. हुमातकच्या इतरांत जे सापडतं तेच.

"कुणाचं?" एन्ग्रासियाने विचारलं.

डॉक्टरणीला कळलं नाही.

"कुणी घातलं ते दिसतं का? माझं पीठ दिसतं का?"

"नाही. केर किती साठला ते दिसतं. तो कुठून आला, ते लिहिलेलं नसतं."

"मग कापलं कशाला?"

"पुढच्यांसाठी."

एन्ग्रासिया हसली. तिच्या तोंडून तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कोण पुढचे? पोरांना होतच नाही आता. तुम्हीच सांगता ना. हे दुखणं आमच्याबरोबर संपतंय. आम्ही मेलो की तुम्ही पण घरी."

डॉक्टरीण खाली मान घालून म्हणाली की आणखी एक विचारायचंय. ते विचारायला तिला अवघड गेलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती म्हणाली, तुम्हीही तेच पीठ खाल्लं. त्याच वाटेवर, त्याच फडक्यातलं. वय बहिणीपेक्षा जास्त, आणि हात कापत नाही, काही विसरत नाही. तुमच्या पेशी धूत राहिल्या. का, हे कळलं तर फार मोठी गोष्ट होईल. इथल्याच नाही, जगभरच्या म्हाताऱ्यांसाठी, ज्यांच्या डोक्यात असेच गुंते होतात. तुमच्यानंतर, तुमची हरकत नसेल तर.

मी हे भाषांतर करत होतो तेव्हा लोले मागच्या दारात येऊन उभी राहिली होती, ओल्या हातांनी.

"नाही," एन्ग्रासिया म्हणाली.

"तिहा," लोले म्हणाली. ती पायऱ्या उतरून आली. "माझ्या आईचं डोकं तू मागितलंस."

"मागितलं."

"आणि मी दिलं. आता मला उद्या वास येईनासा झाला तर? मी तिची मुलगी आहे. रोज सकाळी कॉफी नाकाशी धरून बघते मी, माहिती आहे तुला? तुझ्या डोक्यात काही असेल माझ्या कामाचं, तर तू नाही म्हणणार?"

"माझं डोकं स्वच्छ निघेल," एन्ग्रासिया म्हणाली.

"मग?"

"मग गाव काय म्हणेल?" तिने टाक्याच्या काठावरचं शेवाळ नखाने खरवडलं. "तू त्रिनिदादला ओळखत नाहीस का? म्हणतील, बघा. बहिणीचं भरलेलं, हिचं स्वच्छ. धुतलेलं स्वतः खाल्लं आणि अर्धं धुतलेलं तिला घातलं. एक फडकं होतं लोले, एकच, मी पण त्यातलंच खाल्लं. पण ते बघायला कोण होतं? मी आणि नियेवेस. नियेवेसचं डोकं काही बोललं नाही. माझं बोललं तर खोटंच बोलेल."

"गावासाठी?" लोले म्हणाली. "गावाच्या बोलण्यासाठी तू मला..."

"तुला इथे राहायचंय. मला इथे पुरलेलं राहायचंय."

लोलेने आपले ओले हात स्कर्टला पुसले आणि ती आत गेली. डॉक्टरीण मला विचारत होती, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मी सांगितलं, नाही म्हणाल्या.

त्यानंतर एन्ग्रासिया सहा-सात वर्षं जगली, आणि तिची आठवण शेवटपर्यंत लख्ख राहिली, याहून वाईट मी तिच्याबद्दल काही सांगू शकत नाही. तिला त्या वाटेवरचे दगड आठवायचे. फडक्याची गाठ आठवायची. नियेवेसचे दात तिच्या बोटांना लागायचे ते आठवायचं. दोघी एका घरात राहिल्या, लोले आणि ती, एकमेकींची औषधं आठवणीने देत, जेवताना रेडिओ मोठा लावून. लोले कॉफी करायची तेव्हा एन्ग्रासिया तोंड दुसरीकडे फिरवायची.

ती बाकावर बसल्या बसल्या गेली. हृदय. साधं मरण, हुमातकमध्ये लोकांना हेवा वाटावा असं. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, काळा पोशाख घातला, आणि जेवणाच्या टेबलावर चादर घालून तिला ठेवलं, कारण शवपेटी यायला वेळ होता. अंगणात पुरुष तंबू उभारत होते. मी माळेची प्रार्थना सुरू व्हायची वाट बघत भिंतीशी उभा होतो.

त्रिनिदाद आता वाकून चालायची. ती टेबलाशी आली, क्रूसाची खूण केली आणि शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली. ऐकू कमी येत असल्यामुळे तिचं कुजबुजणं सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"आता उघडून बघतील, नाही का? आता कळेल ही बाई काय खात होती ते."

लोले स्वयंपाकघराच्या दारात भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं.

त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. हॅलोरन. तिला कुणी कळवलं होतं मला ठाऊक नाही, मी नाही. ती फार हळू, फार अदबीने बोलत होती. सही नाही हे मला माहीत आहे, ती म्हणाली, पण आता निर्णय कुटुंबाचा, म्हणजे लोलेचा. तिला फक्त विचारा. अजून वेळ आहे. विमान पकडून कुणीतरी येऊ शकेल. लोलेच्या स्वतःसाठीही, तिने जोडलं, हे महत्त्वाचं ठरू शकेल.

मी फोन हाताने झाकला आणि लोलेला सांगितलं. सगळं, शेवटच्या वाक्यासकट.

लोले टेबलाकडे बघत राहिली. त्रिनिदाद बघत होती. सगळ्याच बघत होत्या, जपमाळा बोटांत थांबवून.

"तिला सांग," लोले म्हणाली, "पुरून झालं."

"लोले, अजून..."

"काल पुरलं म्हणून सांग."

मी फोनमध्ये सांगितलं. पलीकडून तिने वाईट वाटल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. लोलेने एन्ग्रासियाच्या अंगावरची चादर खांद्यापर्यंत ओढली, कडा सारख्या केल्या, आणि बायकांना म्हणाली, "काय बघताय? सुरू करा."